सिटी, व्हर्टस, व्हर्ना: सतरा महिने, एकतीस हजार किलोमीटर आणि एक कन्नड घाट

गाडी घेतली 10 मे 2024 ला, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर. आज मीटरवर 31,240 किलोमीटर आहेत. या सतरा महिन्यांत गल्लीतल्या पोरांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "कितलाले लिधी भो?" आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: एवढ्या पैशात उंच गाडी येत होती, ही बसकी कशाला घेतली? दर वेळी तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

गाडी होंडा सिटी, 1.5 पेट्रोल, मॅन्युअल, व्ही व्हेरियंट. शालकाकडे फोक्सवॅगन व्हर्टस 1.0 मॅन्युअल आहे आणि धुळ्याच्या साडूभाऊंकडे ह्युंदाई व्हर्ना टर्बो ऑटोमॅटिक. लग्नं, बारशी, दवाखाने या निमित्ताने तिन्ही गाड्यांच्या किल्ल्या आमच्यात इकडून तिकडे फिरत असतात. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते शोरूमच्या चार किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हवरून लिहिलेलं नाही.

माझी अमळनेरात औषधांची एजन्सी. आठवड्यातले चार दिवस फिरती: धुळे, शिरपूर, चोपडा, पारोळा, जळगाव. आधी दहा वर्षं डिझेल सेडान वापरली आणि खरं सांगायचं तर पुन्हा डिझेलच घ्यायची होती. पण 2023 च्या एप्रिलमध्ये धुराचे नियम कडक झाले, त्या सुमारास सिटीचं डिझेल इंजिन गेलं आणि नव्या व्हर्नातही ते आलं नाही. या वर्गात डिझेल उरलंच नाही. तेव्हा पेट्रोल घेणं ही माझी निवड नव्हती. पेट्रोलमधलं कोणतं, एवढंच हातात होतं.

कागदावरचे आकडे आधी मांडतो, कारण ते वाचण्यात माझीच चूक झाली होती. सिटी 121 पीएस (म्हणजे इंजिनचे घोडे), व्हर्टस 1.0 ची ताकद 115 पीएस, साधी व्हर्ना 115 आणि टर्बो व्हर्ना थेट 160. व्हर्टस 1.5 पण आहे, 150 पीएसची, पण ती बजेटच्या पलीकडे. तेव्हा मारुतीची सियाझही मिळत होती (आता एप्रिल 2025 पासून बंद झाली), ती 105. मी हिशेब केला: 121 म्हणजे 115 पेक्षा जास्त, शिवाय चार सिलिंडर, टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची) भानगड नाही, मग सिटीच. शालकाने तीन सिलिंडरची, 999 सीसीची गाडी घेतली तेव्हा मी त्याला चारचौघांत हसलो होतो.

मग आला डिसेंबर. छत्रपती संभाजीनगरला लग्न. तिन्ही गाड्या एकत्र निघाल्या, पारोळा करत चाळीसगाव. तिथे शेवभाजी झाली, मुलांनी नेहमीप्रमाणे फक्त पापड खाल्ले आणि आम्ही कन्नड घाटाला लागलो. माझ्या गाडीत आम्ही दोघं, माय, दोन मुलं. डिकीत रुखवताची दोन खोकी, कळण्याच्या पिठाचा डबा, भरिताची वांगी, आहेराची बॅग. जड वाहनांना तिथे बंदी असल्याने ट्रक नव्हते, पण पुढे भाजीची एक पिकअप रखडत चालली होती. वळण संपलं, रस्ता मोकळा दिसला, मी तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला. गाडीने काहीच केलं नाही. इंजिन घुमलं, वेग तेवढाच. समोरून बस आली, मी मुकाट्याने परत पिकअपच्या मागे. मागून शालक आला आणि बस गेल्यावर आम्हा दोघांना ओलांडून निघून गेला. तोही तिसऱ्याच गिअरमध्ये, हे त्याने नंतर मांडवात तीन वेळा सांगितलं.

घरी येऊन पुन्हा माहितीपत्रक काढलं. सिटीचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 145 न्यूटन मीटर, पण तो मिळतो 4,300 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेतं तेव्हा. व्हर्टस 1.0 चा 178, आणि तो 1,750 पासूनच हातात येतो. टर्बो व्हर्नाचा तर 253, तोही 1,500 पासून. मी घाटात होतो 2,000 आरपीएमच्या आसपास, म्हणजे सिटीचं इंजिन अजून जागंच झालं नव्हतं. पीएस हा आकडा इंजिन पूर्ण पिळल्यावरचा. सिटीचे 121 घोडे 6,600 आरपीएमला येतात. आपल्याकडे लोक रोजच्या वापरात तिथवर इंजिन नेतच नाहीत, आणि डिझेलची सवय असलेला माणूस तर अजिबात नाही. चूक गाडीची नव्हती. डिझेलसारखी चालवली मी.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम सिटी घेऊन, माणसं भरून, पुन्हा तो घाट चढलो. दुसऱ्या गिअरला खाली आणायची, इंजिन 4,000 च्या वर ठेवायचं, आवाजाला घाबरायचं नाही. चढते, झकास चढते. त्या इंजिनचा वरचा आवाज मला आता आवडायलाही लागलाय. पण माय मागून विचारते, "काय व्हयनं रे, इतली का वरडस गाडी?" त्याला उत्तर नाही.

आता हँडलिंग. याबद्दल पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेलं वाचून आपल्याला उपयोग नाही, कारण आपला रस्ता काळ्या मातीवर आहे. ही कपाशीची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर भेगा पडतात. वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं आणि दोन-तीन वर्षांत रस्त्याला लाटा येतात. खड्डा दिसतो, ब्रेक मारता येतो. लाट दिसत नाही. अमळनेर-चोपडा रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने अशा दोन लाटा पाठोपाठ आल्या की गाडीची परीक्षा होते. व्हर्टस एकदा खाली बसते, एकदा वर येते आणि संपलं. तिचा स्टिअरिंग वेग वाढला की जड होतो, टायर 205 मिलिमीटर रुंद, गाडी रस्त्याला चिकटून वाटते. माझी सिटी मऊ आहे, 185 च्या टायरवर उभी. लाटेनंतर एक झोका जास्त घेते, पण छोटे खड्डे, उखडलेली खडी, गावातले पॅच हे मात्र ती फार प्रेमाने गिळते. सासूबाईंना गाडी लागते. त्या तिन्ही गाड्यांत बसल्या आहेत आणि त्यांचं मत सिटीच्या बाजूने आहे. व्हर्ना या दोघींच्या मधली. साडूभाऊ तिला 'विमान' म्हणतात, आणि धुळे-शिरपूर हायवेला ते जसं चालवतात ते पाहता ती उपमा मला पटते.

चालवायला सगळ्यात मजा कुठे? व्हर्टसमध्ये, निर्विवाद. दिवसभर आठ ठिकाणी थांबून, शंभर वेळा क्लच दाबून संध्याकाळी कमी थकवा कुठे? सिटीत. तिचा क्लच लोण्यासारखा आहे. माझ्या कामाला दुसरं उत्तर जास्त मोलाचं.

ग्राउंड क्लिअरन्सचं (गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, त्याचं) रडगाणं सगळे गातात, मी थोडक्यात गातो. सिटी 165 मिलिमीटर, व्हर्टस 179. चौदा मिलिमीटर म्हणजे बोटभरही नाही, पण आपल्या खेड्यांतले गतिरोधक ज्याच्या त्याच्या मर्जीने बांधलेले. एकटा असलो की अडचण नाही. पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की तिरकं घेऊन एकेक चाक उतरवतो. एकदा एका गावात तेही चुकलं, पोटाला घासलं, टपरीवरचे सगळे उठून पाहायला आले. नुकसान फक्त इभ्रतीचं.

उंच गाडी का नाही, याचा खरा विरोधी मुद्दा गतिरोधकाचा नाहीच, तो मायच्या गुडघ्यांचा आहे. सेडानमध्ये बसणं म्हणजे खाली उतरणं. एकदा बसली की तिला मागची सीट फार आवडते, पाय मोकळे राहतात. पण उतरताना हात द्यावा लागतो. "बठता येस, उठता येत नही माले." हा एक विचार मी गाडी घेताना केला नव्हता आणि करायला हवा होता. घरात सत्तरीची माणसं असतील तर त्यांना शोरूमला न्या, दोनदा बसवा, दोनदा उतरवा.

टिकाऊपणाबद्दल सतरा महिन्यांत छातीठोक बोलणं चुकीचं. दर दहा हजारांना सर्व्हिस, तेल-फिल्टर, बाकी काही नाही. पण घेतानाच माझा विचार असा होता: टर्बो नाही, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाही, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. बिघडायला जितकं कमी, तितकं तालुक्याच्या गावाला बरं. साडूभाऊंच्या गाडीत आजवर काही झालेलं नाही हे सांगायलाच हवं. मात्र दोन क्लचचा गिअरबॉक्स रांगेत इंचाइंचाने सरकताना तापू शकतो हे सगळ्याच कंपन्यांच्या बाबतीत खरं आहे. फागणे-तरसोद चौपदरीकरणाच्या रखडलेल्या वर्षांत ज्याने मे महिन्यात 44-45 अंशांना तिथे रांग लावली आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. सर्व्हिसच्या जाळ्यात मारुतीच्या जवळपासही कुणी नाही, तेही मान्य. आम्हाला जळगाव किंवा धुळे गाठावं लागतं, दिवस मोडतो.

माझ्या गाडीला एकमेव मोठा खर्च आला तो उंदरांमुळे. शेजारी कपाशीचं गोडाऊन. दिवाळीच्या सुट्टीत गाडी चार दिवस उभी राहिली आणि इंजिनच्या वायरिंगची त्यांनी फराळासारखी वाट लावली. वॉरंटीत हे बसत नाही. तेव्हापासून रात्री बॉनेट उघडं ठेवतो आणि खाली एक बल्ब. जाळीही बसवली. कोणतीही गाडी घ्या, खानदेशात हे आधी करा.

उन्हाचं म्हणाल तर पांढरा रंग घेतला यातच अर्धी लढाई जिंकली. काळ्या फिल्मला 2012 पासून सुप्रीम कोर्टाची बंदी आहे, तेव्हा मागच्या काचेला जाळीचे पडदे आणि सावली शोधण्याची कला. साडूभाऊंनी काळी घेतली. ते मे महिन्यात दरवाजे उघडून पाच मिनिटं बाहेर उभे राहतात, आम्ही काही बोलत नाही.

मायलेज माझं: फिरतीला साडेसतरा, गावात एसीसकट तेरा. शालक हायवेला सतरा सांगतो, गावात अकरा. साडूभाऊ विषय बदलतात. माझी टाकी मात्र 40 लिटरची, त्या दोघांच्या 45 च्या. इंदूरला जाताना ते पाच लिटर आठवतात.

सुरक्षिततेत व्हर्टस आणि व्हर्ना दोघींना ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत, 2023 चे. माझ्या पिढीची सिटी तिथे तपासलेली नाही. तिला पाच तारे आहेत ते आशियातल्या दुसऱ्या बाजारातल्या मॉडेलला, 2020 चे. शालक हे जेवताना काढतो आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नसतं.

किमतीचं दुःख ताजं आहे. तेव्हा तिन्ही गाड्या अकरा-बारा लाखांच्या आसपास सुरू होत होत्या. माझी एक्स-शोरूम साडेबाराच्या घरात, त्यावर आरटीओचा 12 टक्के टॅक्स म्हणजे दीड लाख तिथेच गेले. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला: आमच्यासारख्या चार मीटरपेक्षा लांब गाड्यांवर सेससकट 45 टक्के होता, तो 40 झाला. शालकाची 999 सीसीची असूनही लांबीमुळे तीही 45 मध्येच होती, एवढंच काय ते समाधान. खरी चांदी चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांची, 29 वरून 18. आज कुणी माझ्या बजेटने विचारलं तर नवी डिझायर आधी पाहा म्हणेन, तिलाही पाच तारे आहेत. फक्त इंजिन 82 पीएसचं आणि डिकी 382 लिटरची. माझी 506 लिटरची आहे आणि आखाजीला सासरहून आंब्याच्या पेट्या येतात तेव्हा तीही पुरत नाही.

पुन्हा घ्यायची झाली तर? फिरतीसाठी सिटीच. वर्षातून आठ वेळा घाट असता, तर शालकाची माफी मागून व्हर्टस.

सध्या टायर निम्म्याहून जास्त झिजलेत. 195 चे रुंद टाकावेत असं मनात आहे, म्हणजे त्या लाटांवरचा एक झोका कमी होतो का बघता येईल. शालक म्हणतो मायलेज पडेल. पुढच्या पावसाळ्याआधी टाकणार आहे, मग पुढचं लिहीन.