हिंजवाला नी ब्रेस: एक पट्टा, दोन गुडघे आणि भुसावळचं ऊन

साइजचा तक्ता नीट न वाचता ऑर्डर टाकली, ही चूक माझीच. वाटीवरून टेप फिरवला आणि लार्ज मागवला. माप घ्यायचं असतं वाटीच्या सहा इंच वर, मांडीचं. तसं तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय. ज्या पोरीसाठी मागवला तिची मांडी ऑपरेशननंतर इतकी वाळलेली, की दहा पावलं चालली नाही तोच पट्टा पोटरीवर. परत पाठवायची मुदत सात दिवसांची, आणि त्याच आठवड्यात घरात लग्न. लग्नसराईत आमच्याकडे माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, कुरिअर कुठून आठवणार! मग तिच्यासाठी मीडियम वेगळा मागवला आणि लार्ज माझ्या पायात आला.

म्हणून हा रिव्ह्यू दोन गुडघ्यांचा आहे. एक सतरा वर्षांचा, ऑपरेशन झालेला. दुसरा बेचाळीस वर्षांचा, ज्याचं ऑपरेशन कधी झालंच नाही.

मी भुसावळची. दिवसा पतसंस्थेत कॅशला बसते, सकाळी साडेपाच ते साडेसात मुलींना बास्केटबॉल शिकवते. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या रिंगला जाळी नाही, पण पोरी येतात.

आधी वस्तूबद्दल. दुकानात 'नी कॅप' म्हणून मिळते ती मोज्यासारखी चढवायची. हा तो प्रकार नव्हे. जाड रबरी कापड, समोर वाटीला गोल भोक, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि मधोमध बिजागरी. वर दोन, खाली दोन असे वेल्क्रोचे पट्टे. किंमत मला 1,450 पडली. शिवण चांगली आहे, चार महिन्यांत एक टाका उसवला नाही. बिजागरी पहिले पंधरा दिवस कट् कट् वाजायची. पोरी मला 'मॅडमचं दार उघडलं' म्हणून चिडवायच्या. शिलाई मशिनचं तेल दोन थेंब टाकलं, आवाज गेला.

वेल्क्रो मात्र रडका आहे. कोर्टाच्या कडेला धूळ, गवताचे कुसळ, वरून कापसाच्या दिवसांत हवेत उडणारं ते पांढरं. सगळं त्या आकड्यांत जाऊन बसतं. दर रविवारी मी जुन्या टूथब्रशने तो विंचरते. तिसऱ्या महिन्यात वरचा पट्टा पळताना सुटायला लागला, त्यावर सेफ्टी पिन लावली. साडेचौदाशेच्या मालाला सेफ्टी पिन लावावी लागते, हे कंपनीने वाचावं.

आणि उन्हाळा. मे महिन्यात भुसावळचा पारा 44-45 ला टेकतो. सकाळी सहालाही सिमेंट कालची धग सोडत असतं. ते रबरी कापड घामाने असं चिकटतं की काढताना केस उपटून येतात. गुडघ्याच्या मागच्या लवणीत घामोळं उठलं; पोरीला तर पुरळ आलं, चार दिवस पट्टा बंद. आता आम्ही आतून जुन्या सुती ओढणीची घडी घालतो. कंपनीने फोटोत डोंगरातला धुक्याचा रस्ता दाखवलाय. एकदा इकडे या म्हणावं. धुवायचा असेल तर साध्या पाण्यात, सावलीत वाळवा. मी एकदा गच्चीवर टाकला तर कापड कडक झालं, पापडासारखं.

आता मुद्द्याचं. या पट्ट्याच्या पानावर बहुतेक जण एकच विचारतात: 'हा घातला की खेळता येईल का?'

2003 साली मी एकोणीस वर्षांची होते. आमच्याकडे बास्केटबॉलमध्ये 'प्रोफेशनल' होणं म्हणजे एकच गोष्ट: रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा. खेळाल तर नोकरी, क्वार्टर, पास. भुसावळच्या पोराला किंवा पोरीला याहून मोठं स्वप्न कोणी दाखवलेलं नव्हतं. माझी ट्रायल तीन आठवड्यांवर होती. आंतरमहाविद्यालयीन फायनलमध्ये रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला, उडी मारली, खाली आले, पाय टेकला आणि वरचं शरीर वळलं. कोणाचा धक्का नाही, काही नाही. शेतात वाळलेली पऱ्हाटी पायाखाली मोडते तसा आवाज आला. माझ्या आत.

सर म्हणाले, मुका मार आहे. स्प्रे मारला, क्रेप बँडेज आवळलं, आणि सेकंड हाफला मला परत उतरवलं. मी चार पॉइंट केले. टाळ्या पडल्या. संध्याकाळी गुडघा कलिंगडाएवढा. मग हाडवैद्य, तेल, शेक, तुरटी. एमआरआय निघाला तो थेट 2011 मध्ये, रिपोर्टवर लिहिलेलं की पुढचं लिगामेंट, म्हणजे एसीएल, जागेवर नाहीच. ट्रायलला मी गेले नव्हते हे सांगायला नको.

त्यामुळे अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या क्ले थॉम्पसनची ती क्लिप पोरी मोबाइलवर लावतात तेव्हा माझ्या पोटात कालवतं. 13 जून 2019, फायनलचा सहावा सामना. डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलेलं, माणूस आत निघालेला, आणि बोगद्यातून परत येऊन दोन फ्री थ्रो टाकतो. दोन्ही आत. लोक उभे राहून ओरडतात. पोरी म्हणतात, 'काय जिगर आहे ना मॅडम!' जिगर आहेच. पण त्यानंतर तो जानेवारी 2022 पर्यंत एक सामना खेळला नाही, कारण गुडघा बरा होत आला तोवर नोव्हेंबर 2020 मध्ये दुसऱ्या पायाचं अकिलिस, टाचेच्या वरची ती जाड दोरी, तुटलं. म्हणजे 941 दिवस. पोरींना मी हा आकडा फळ्यावर लिहून दाखवला. त्या क्लिपला इतके लाइक आहेत, या 941 दिवसांची क्लिप कोणी काढत नाही.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरकं बांधणारी दोरी. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिरगळू नये हे तिचं काम. या पट्ट्याची बिजागरी असते बाहेर, दोन बाजूंना. गुडघा बाजूला झुकायला लागला तर ती धरते, आणि ते ती चांगलं करते. पण पिरगळणं रबराला आणि वेल्क्रोला थांबवता येत नाही. कातडी आणि मांस मध्ये आहे ना! बैलाच्या पायात तुटलेला दोर असेल तर झूल बदलून काय होणार.

जिच्यासाठी पट्टा मागवला ती पोरगी माझी पॉइंट गार्ड, खेळ चालवणारी. तिचा गुडघा गेल्या सप्टेंबरात गेला, ऑपरेशन ऑक्टोबरात नाशिकला झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (रक्ताची नव्हे, हाडाला बांधणारी) काढून लिगामेंटच्या जागी बसवली. मुलींमध्ये हे तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली, 'म्हंजे पोरींच्याच नशिबी.' नशिबाचा भाग असेल, पण उडी मारून खाली येताना गुडघे आत झुकतात, ती सवय मोडता येते आणि ती मोडायला कोणी शिकवत नाही. मीही तोवर शिकवत नव्हते. रेबेका लोबो अमेरिकेतली एवढी मोठी खेळाडू, 1999 च्या सीझनच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच मिनिटात तिचं एसीएल गेलं. पोरींना मी एनबीएच्या आधी तिचं नाव सांगते.

डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले. पोरगी पाचव्या महिन्यात म्हणाली, 'मॅडम, आता काहीच दुखत नाही. पट्टा घालून फक्त शूटिंग करते.' आणि इथेच हा पट्टा धोकादायक आहे. घातला की गुडघा घट्ट वाटतो, गरम राहतो, मनातली भीती निम्मी होते. मलाही झाली! बावीस वर्षांनी मी पहिल्यांदा डाव्या पायावर वळले आणि पाय सटकला नाही. घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. पण आत बसवलेली शीर पहिले काही महिने दुबळीच असते, दुखो वा न दुखो. तिला माहीत नाही वर किती रुपयांचा पट्टा आहे.

एनबीएच्या डेरिक रोझचं या पोरीला वेड आहे. तिच्या बनियनवर 1 नंबर त्याच्यासाठी. 2011 मध्ये बाविसाव्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, एवढ्या कमी वयात दुसरा कोणी नाही. पुढच्याच वर्षी 28 एप्रिलला प्लेऑफचा, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीचा, पहिला सामना. शिकागो बारा पॉइंटने पुढे, दीड मिनिटही उरलेलं नाही, आणि तो अजून कोर्टवर. उडी घ्यायला गेला आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल गेलं. पुढचा 2012-13 चा अख्खा सीझन तो बसला. घाई केली असं कोणी म्हणू शकत नाही. परत आला आणि नोव्हेंबर 2013 मध्ये उजव्या गुडघ्याची मेनिस्कस, हाडांमधली चकती, फाटली, तीच पुन्हा 2015 मध्ये. 2018 च्या 31 ऑक्टोबरला मिनेसोटाकडून त्याने 50 पॉइंट मारले आणि कोर्टवरच रडला. ते बघताना आमच्या अर्ध्या पोरी रडतात. मी पोरीला विचारलं, यातली कोणती जखम पट्ट्याने थांबली असती? ती गप्प. 'मग तो बारा पॉइंटने पुढे असताना आत का होता?' हे तिनेच उलट विचारलं. त्यावर मी गप्प. मलाही सेकंड हाफला कोणी तरी आत पाठवलंच होतं.

दुसरा पाय हा विषय या पट्ट्याच्या पानावर कुठेच नाही. डावा सांभाळता सांभाळता माझा उजवा गुडघा झिजलाय. जिना उतरताना उजवाच आधी बोलतो. एका पायाला पट्टा घालणाऱ्याने दुसऱ्या पायाचा व्यायाम दुप्पट करावा, हे मी पदरचं सांगते.

कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांच्या गुडघ्यातली गादीच गेलीय त्यांनी याच्याकडून फार आशा ठेवू नये. माझ्या सासूबाईंनी दोन दिवस घालून बघितला आणि 'हे घोड्याचं जीन आहे' म्हणून परत दिला. ब्रँडन रॉय हा एनबीएतल्या पोर्टलँड संघाचा पोरगा, 2007 चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतला सर्वोत्तम. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा संपली, डिसेंबर 2011 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी निवृत्ती. नंतर मिनेसोटाकडून प्रयत्न केला, पाच सामने. त्याच संघाचा ग्रेग ओडन 2007 मध्ये केविन ड्युरंटच्याही आधी, पहिल्या नंबरला निवडलेला. पहिला सामना खेळायच्या आधीच उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर. हाडाला बारीक छिद्रं पाडतात, रक्त येऊन वर कूर्चेसारखा थर धरावा म्हणून. मग डाव्या वाटीचं फ्रॅक्चर. पोर्टलँडसाठी तो सगळे मिळून 82 सामने खेळला. एनबीएत एका सीझनचे सामने तेवढेच असतात. त्यांच्याकडे जगातले डॉक्टर होते, पैसा होता. आपण साडेचौदाशेत काय मागतोय याचं भान असू द्यावं.

पोरीच्या आईला मात्र मी एनबीएच्याच शॉन लिव्हिंगस्टनची गोष्ट सांगितली. एकविसाव्या वर्षी, 26 फेब्रुवारी 2007 ला त्याचा डावा गुडघा निखळला, लिगामेंटं तुटली, पाय कापावा लागेल अशी भीती होती. तो परत चालायला शिकला, मग खेळायला. पूर्वीसारखी उडी राहिली नाही, तर उंचीचा फायदा घेऊन जवळून शांतपणे शॉट टाकायला लागला, आणि गोल्डन स्टेटकडून 2015, 2017, 2018 अशी तीन अजिंक्यपदं जिंकला. आई सगळं ऐकून म्हणाली, 'ताई, पण त्याची नोकरी नाही ना गेली मधल्या काळात?' खरं तर मधल्या काळात त्याला संघामागून संघ बदलावे लागले. मी तेही सांगितलं.

गेल्या रविवारी पट्टा काढून तिची उडी मोजली. एका पायावर उभं राहून पुढे उडी, त्याच पायावर थांबायचं. शिंप्याचा टेप सिमेंटवर पसरला. चांगला पाय 132 सेंटिमीटर, ऑपरेशनचा 105. म्हणजे ऐंशी टक्केही नाही. फिजिओला नव्वद हवेत. तिने पट्टा घालून परत उडी मारू द्या म्हणून हट्ट केला. मारू दिली. 111. खूश झाली. मी वहीत 105 च लिहिले.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. तिचं नाव मी दिलेलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी साडेपाचला कोर्टवर हजर, पट्टा खांद्यावर दप्तरासारखा अडकवून.

साडेतीन स्टार. चालणं, हलकं पळणं, फिजिओने सांगितलेला व्यायाम, एवढ्यासाठी वस्तू वाईट नाही. वेल्क्रोचे पट्टे सुटे विकत मिळत असतील तर विक्रेत्याने कळवावं, लार्जचे दोन आणि मीडियमचे चार घेईन.