‘वंशवृक्ष’चा मराठी अनुवाद : सोबतीने वाचावी अशी कादंबरी

एस. एल. भैरप्पा यांची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी कन्नडमध्ये 1965 साली प्रसिद्ध झाली. उमा कुलकर्णी यांनी केलेला तिचा मराठी अनुवाद मी या पावसाळ्यात दोनदा वाचला. पहिल्यांदा एकटीने वाचला, तो खानापूर-बेळगाव बसच्या रोजच्या प्रवासात. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा माझी वर्गमैत्रीण सोबत होती. ती गोकाककडची, घरची भाषा कन्नड, आणि तीच कादंबरी ती मूळ भाषेत वाचत होती. तास संपल्यावर माझ्या बसला जो तासाभराचा अवधी असे, त्यात आम्ही एकेका प्रकरणावर बोलत असू. पहिल्या वाचनाच्या बळावरच मी हा अभिप्राय लिहिला असता, तर तो या पुस्तकावर अन्याय ठरला असता.

कथानक थोडक्यात सांगते. म्हैसूरजवळच्या नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री हे शास्त्रसंपन्न, आचारनिष्ठ गृहस्थ. त्यांचा तरुण मुलगा नंजुंड कपिला नदीत बुडून जातो आणि मागे विधवा सून कात्यायनी व तिचा लहानगा मुलगा चीनी उरतात. कात्यायनी म्हैसूरच्या कॉलेजात शिकायला जाते, तिथे राजारावांच्या प्रेमात पडते आणि त्यांच्याशी लग्न करते. मुलगा मात्र आजोबांकडेच राहतो. राजारावांचे थोरले भाऊ सदाशिवराव इतिहास-संशोधक आहेत. पत्नी नागलक्ष्मी हयात असताना ते करुणारत्ने या श्रीलंकेहून आलेल्या विद्यार्थिनीशी दुसरे लग्न करतात, कारण ग्रंथलेखनात साथ देणारी सहचरी त्यांना तिच्यात दिसते.

अनुवादाची मराठी अतिशय सरळ आणि घरगुती आहे. वाक्य कुठे अडखळत नाही आणि संवाद तर मराठीतच बोलले गेले असावेत असे वाटतात. 1989 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार या पुस्तकाला मिळाला, तो का, हे पहिल्या पन्नास पानांतच पटते. मात्र याच गुणामुळे माझी एक फसगत झाली. नंजनगूड हे कृष्णाकाठचे एखादे गाव असावे आणि श्रोत्री हे आपल्याकडचेच कुणी शास्त्रीबुवा असावेत, अशा समजुतीने मी भराभर पुढे वाचत गेले. आम्हा बेळगावकडच्या लोकांना म्हैसूरपेक्षा पुणे जवळचे, त्यामुळे तो भूभाग मनाने कधी पाहिलेलाच नव्हता.

मैत्रिणीने पहिल्याच दिवशी मला थांबवले ते ‘नंजुंड’ या नावापाशी. मी ते नुसते दाक्षिणात्य नाव म्हणून वाचले होते. तिने वहीच्या मागच्या पानावर शब्द तोडून दाखवला : ‘नंजु’ म्हणजे विष आणि ‘उंड’ म्हणजे भक्षण केलेला. नंजुंड म्हणजे आपला नीलकंठ, नंजनगूडचा देवच तो, आणि त्याच्या नावावरूनच गावाचे नाव पडलेले. ज्या घराने मुलाला ग्रामदैवताचे नाव दिले, त्या घरातला तो मुलगा त्याच गावच्या नदीत बुडतो, हे कळल्यावर त्या मृत्यूचा भार एकदम वाढला. मूळ वाचणाऱ्याला हे सांगावे लागत नाही; मला मात्र कुणीतरी सांगणे आवश्यकच होते.

दुसरी गोष्ट नात्याची. कन्नडमध्ये सासऱ्याला ‘माव’ म्हणतात आणि मामालाही ‘माव’च म्हणतात. ‘सासरा’ हा शब्द कानी पडताच माझ्या मनात एक धाक उभा राहतो, त्यामुळे कात्यायनी आणि श्रोत्री यांच्यातले प्रसंग मी त्या धाकाच्याच छायेत वाचले होते. मैत्रीण म्हणाली, “अगं, तिच्यासाठी ते माहेरच्या माणसासारखे आहेत, म्हणून तर तिला घर सोडणे इतके जड जाते.” तेव्हा मला आठवले की माझी आजीही तिच्या सासऱ्यांना ‘मामंजी’च म्हणत असे. शब्द आमच्याही घरात होता, फक्त त्यातला मामा मी कधी ऐकला नव्हता.

सर्वांत जास्त वाद झाला तो कात्यायनीवरून, आणि तो तीन दिवस चालला. पुनर्विवाहानंतर तिचे गर्भ टिकत नाहीत, ती खंगत जाते. हे वाचून मला लेखकाचा मनापासून राग आला होता. विधवेने पुन्हा संसार मांडला म्हणून कादंबरीकाराने तिला ही शिक्षा ठोठावली, असे माझे ठाम मत होते. मैत्रिणीने ते खोडून काढले नाही. तिने एवढेच विचारले, “तिला शिक्षा कोण देते ते मला पुस्तकात दाखव.” मी शोधू लागले. कात्यायनी मुलाला न्यायला नंजनगूडला येते, तो प्रसंग आम्ही पुन्हा वाचला, तिने कन्नडमध्ये आणि मी मराठीत. श्रोत्री तिला अडवत नाहीत, शाप देत नाहीत. निर्णय ते तिच्यावरच सोपवतात आणि ती रिकाम्या हातांनी परतते. तिला दोषी ठरवणारे कुणी असेल, तर ती स्वतःच आहे. माझा राग पूर्णपणे गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्या अपराधभावाला लेखक इतक्या सहजपणे देहाच्या दुखण्याशी जोडतो, हे मला आजही खटकते. परंतु लेखकाने निवाडा दिला आहे असे जे मी धरून चालले होते, त्या जागी निवाडा नसून प्रश्न आहे, हे मला मान्य करावे लागले. पुढे श्रोत्रींना स्वतःच्या जन्माविषयी जे कळते, त्याने तर पुस्तकाच्या नावाखालची जमीनच हलते. ते काय, हे इथे लिहीत नाही.

देणेघेणे एकतर्फी मुळीच नव्हते. मैत्रीण श्रोत्रींच्या व्यक्तिरेखेने इतकी भारावली होती की नागलक्ष्मीकडे तिचे लक्षच गेले नव्हते. सदाशिवराव ज्ञानासाठी दुसरे लग्न करतात, पण त्या ज्ञानाची पहिली बरीच वर्षे कुणाच्या स्वयंपाकघरावर उभी राहिली, असे मी विचारले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या कन्नड प्रतीत नागलक्ष्मीच्या सगळ्या प्रसंगांना पेन्सिलीच्या खुणा होत्या.

आमच्या या पद्धतीशी जुळणारी एक गोष्ट या अनुवादाच्या घडणीतच आहे. उमाताई मूळच्या बेळगावच्या. त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून दाखवत आणि ते ऐकून त्या मराठीत लिहीत, अशी त्यांची कामाची रीत होती. म्हणजे कानांनी ऐकलेली कन्नड आणि हातांनी लिहिलेली मराठी अशा दोन माणसांमधून हे भाषांतर आले आहे. मोठ्याने वाचले की त्याची वाक्ये अधिक खुलतात, ती बहुधा यामुळेच.

माझी प्रत एका वाचनालयातली होती. तिची शिवण सुटलेली होती आणि मधली चार पाने गहाळ होती. तेवढा भाग मैत्रिणीने मला तोंडी सांगितला. शक्य असेल त्यांनी स्वतःची प्रत विकत घ्यावी, कारण हे पुस्तक एका वाचनात आटोपत नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या मराठी वाचकांना तर माझे आग्रहाचे सांगणे आहे की वर्गात, कार्यालयात किंवा शेजारी कन्नड वाचणारे कुणी असेल, तर दोघांनी दोन प्रती घेऊन एकाच आठवड्यात सुरुवात करावी.

आम्ही आता प्रतींची अदलाबदल केली आहे. ती मराठी अनुवाद वाचते आहे आणि मी शाळेत शिकलेल्या कन्नडच्या आधाराने मूळ पुस्तक वाचते आहे. दिवसाला दोन पानांच्या पुढे मी जात नाही, पण ‘माव’ हा शब्द आला की तो आता मला अडखळल्याशिवाय वाचता येतो.