'निर्भीक' रिव्हॉल्व्हर: रोज जवळ बाळगण्याच्या दृष्टीने
कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून आणलेले 'निर्भीक' हे ०.३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर जेमतेम ५०० ग्रॅम वजनाचे असून, दिवसभर जवळ बाळगायच्या शस्त्रात हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. त्या वेळची १,२२,३६० रुपये ही किंमत मात्र, रात्री उशिरा एकटीने घरी परतणाऱ्या बहुसंख्य नोकरदार स्त्रियांच्या आवाक्याबाहेरची होती, हे मला मनापासून खटकते.

ते पर्समध्ये मावते. तरीही तिथे सुटे ठेवू नये, कारण किल्ली किंवा पेन ट्रिगरमध्ये अडकू शकते आणि चेन उघडून हात आत घालेपर्यंत हल्लेखोर अंगावर आलेला असतो. ट्रिगर पूर्ण झाकणारे, कमरेला घट्ट बसणारे चामडी होल्स्टर आणि त्यावर सैल कुर्ता, ही व्यवस्था मला अधिक सुरक्षित वाटते. परवाना तर हवाच, शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी असे शस्त्र पूर्णपणे झाकलेले असावे लागते. हलक्या शस्त्राचा झटका हाताला जास्त जाणवतो, त्यामुळे खरेदीआधी रायफल क्लबमध्ये सराव अवश्य करावा.