स्टोरेज शेल्फची चॅसिस बदलली, त्यानंतरचे आठ महिने

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीची ड्रॉइंग, सिम्युलेशनच्या फाइली आणि हिशेब ज्या स्टोरेजवर असतात, त्याच्या बारा डिस्कच्या 2यू (रॅकमधील दोन एकक उंचीच्या) शेल्फची, म्हणजे डिस्क बसवण्याच्या पेटीची, चॅसिस (बाहेरचा सांगाडा) आम्ही फेब्रुवारीत बदलली. आता पावसाळाही उलटून गेल्यामुळे या कामाविषयी खात्रीने लिहिता येते.

सात क्रमांकाच्या स्लॉटमधील डिस्क अधूनमधून गायब होत असे. विक्रेत्याच्या सल्ल्यावरून ती दोनदा बदलली. दोन्ही वेळा रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणे) पूर्ण झाले आणि काही दिवसांतच पुन्हा पिवळा दिवा लागला. शेवटी शेल्फ बंद करून रिकाम्या स्लॉटमध्ये टॉर्चचा झोत टाकला, तेव्हा मिडप्लेनवरील (डिस्क ज्यात खोचल्या जातात त्या आतल्या सर्किट बोर्डवरील) कनेक्टरच्या प्लास्टिकला गेलेला केसाएवढा तडा आणि त्याभोवती साचलेली काळसर धूळ दिसली. आमच्या मॉडेलमध्ये मिडप्लेन चॅसिसचाच भाग असल्यामुळे अख्खी चॅसिस बदलण्यावाचून इलाज नव्हता.

बदलण्याचे काम दोन तासांचे असले, तरी तयारीला आठवडा दिला आणि तो सार्थकी लागला. बॅकअप घेतलाच, शिवाय त्यातून एक जुने ड्रॉइंग परत आणून उघडून पाहिले. शेल्फला कंट्रोलरशी जोडणाऱ्या प्रत्येक सॅस केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. सुट्टीच्या दिवशी आधी सर्व्हर, मग कंट्रोलर (डिस्कचा कारभार पाहणारे यंत्र) आणि सर्वांत शेवटी शेल्फ बंद केले. डिस्क थोडी बाहेर ओढून, आतील चकत्या पूर्ण थांबाव्यात म्हणून अर्धा मिनिट थांबायचे आणि मगच ती पूर्ण काढायची, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. पॅटर्न शॉपमधून फोम लावलेला लाकडी ट्रे करून घेतला होता. त्यावर 0 ते 11 आकडे लिहून प्रत्येक डिस्क आपापल्या आकड्यावर ठेवली. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत स्थिर विजेचा धोका अधिक असल्याने मनगटावरचा अर्थिंगचा पट्टा शेवटपर्यंत काढला नाही.

साडेतीन इंची एका डिस्कचे वजन साधारण 700 ग्रॅम धरले, तर केवळ डिस्कचेच आठ किलोंहून अधिक होते. म्हणून डिस्क, पॉवर सप्लाय आणि कंट्रोलर मॉड्यूल काढून रिकामी केलेली चॅसिसच दोघांनी मिळून उतरवली. जड शेल्फ रॅकच्या तळाशी असावे, हे बरोबरच आहे. मात्र 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलेले आम्ही पाहिले आहे, त्यामुळे रॅकच पहिल्या मजल्यावर आहे. नवी चॅसिस रेल्सवर बसवून सारे पूर्वीच्या जागी लावले, आधी शेल्फ सुरू केले आणि बाराही डिस्कचे दिवे हिरवे झाल्यावरच कंट्रोलर सुरू केले.

तक्रार एकाच गोष्टीची आहे. नव्या चॅसिसचा सिरीयल क्रमांक वेगळा असतो आणि विक्रेत्याने तो सपोर्ट करारात नोंदवलाच नव्हता. जूनमध्ये पंख्याची तक्रार केली, तेव्हा हे यंत्र करारात नसल्याचे उत्तर आले आणि नोंद दुरुस्त होण्यात चार दिवस गेले. ही नोंद काम संपल्याच्या दिवशीच लेखी मागून घ्यावी.

आठ महिन्यांत स्लॉट 7 वर एकही त्रुटी नोंदवली गेलेली नाही. सदोष ठरवून काढलेल्या दोन्ही डिस्क आम्ही वेगळ्या यंत्रावर पूर्ण तपासल्या आणि त्या निर्दोष निघाल्या; त्यांतील एक आज स्लॉट 11 मध्ये हॉट स्पेअर, म्हणजे दुसरी डिस्क बिघडल्यास आपोआप तिची जागा घेणारी राखीव डिस्क, म्हणून बसवलेली आहे.