टेबलाखालचं पेडल आणि मनगटावरचा बँड : तीन महिन्यांनंतर

पहिल्या दिवशी टेबलाखाली पंचवीस मिनिटं पेडल मारून मानेवर घाम आला होता, तेवढ्यात मनगटावरचा बँड थरथरला. बघते तर म्हणतोय, बराच वेळ बसून आहात, जरा हालचाल करा! पावलं : शून्य.

मी घरून दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की खुर्ची सुटत नाही. वय ४७, गुडघे कुरकुरतात. म्हणून १,९०० रुपयांचं पेडल ऑनलाइन मागवलं. बँड लेकीने वाढदिवसाला दिलेला. कंपन्यांची नावं घेत नाही, या किमतीतली सगळी मंडळी एकाच माळेचे मणी आहेत.

पेडलचं आधी. ते टाइल्सवर पुढे पळतं आणि चाकांची खुर्ची मागे. खाली योगा मॅट घालून बघितली, तरी तेच. शेवटी परकराच्या जुन्या नाडीने पेडल खुर्चीच्या पायालाच बांधलं, तेव्हा दोघं जागेवर आली. टेबलाला खाली ड्रॉवर असेल तर घेण्याआधी गुडघ्याचं माप घ्या. माझा उजवा गुडघा आठवडाभर काळानिळा होता. वरचा स्क्रू आवळला की पेडल जड होतं, पण अर्ध्या तासात तिथलं लोखंड चांगलंच तापतं. मुलं असतील तर जपा.

आता बँड. त्याच्या पोटात हालचाल टिपणारा सेन्सर असतो आणि तो हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतो. माझे हात कीबोर्डवर, पाय गरागरा फिरतायत, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? उलट संध्याकाळी कणीक मळताना त्याने मला दीडशे पावलं बहाल केली.

मग बँड पायात घालून बघितला. पट्टा घोट्याला पुरेना, म्हणून मोज्यात खोचला. जोरात मारलं तर पेडलच्या मीटरवर ५०० फेरे आणि बँडवर ४७० च्या आसपास पावलं. सावकाश मारलं तर निम्मीसुद्धा नाहीत. आणि काम करताना माणूस सावकाशच मारतो. शिवाय नाडीचे ठोके मोज्यातून कधी ५८, कधी १५०. सोसायटीच्या ग्रुपवर दहा हजार पावलांचा स्क्रीनशॉट टाकायचा असेल तर मोज्यातला बँड ठीक आहे. हा दहा हजाराचा आकडा तरी कुठून आला? १९६५ साली जपानात ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मीटर. दुकानदाराचा आकडा आपण डॉक्टरचा समजून बसलो.

मी पावलं सोडली, ठोके धरले. बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट; बांगड्या दुसऱ्या हातात, कारण त्या बँडवर आपटल्या की आकडा नाचतो. पेडल सुरू करताना आठवणीने ‘इनडोअर सायकलिंग’ मोड लावायचा. ही मेख मला तीन आठवड्यांनी कळली : मोड न लावता माझा बँड दर दहा मिनिटांनी एकदाच ठोके बघतो, मोड लावला की सतत. नुसती बसले की ७४, सैल पेडलवर ८५ ते ९०, स्क्रू दोन आटे आवळला की १०४. २२० मधून वय वजा केलं की मिनिटाचे जास्तीत जास्त ठोके, माझे १७३ येतात. त्याच्या निम्म्याच्या वर, म्हणजे ८७ च्या पुढे, मध्यम व्यायाम धरायचा असा ढोबळ हिशेब आहे. सैल पेडल जेमतेम काठावर, हे त्यामुळे कळलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. स्क्रू आवळल्यापासून माझी ११० ते १३० होतात.

कॅलरीचं विचारू नका. त्याच चाळीस मिनिटांना पेडलचा मीटर २६० म्हणतो, बँड ११८. मीटरला माझं वजन ठाऊक नाही, स्क्रू किती आवळलाय तेही नाही, तो नुसते फेरे मोजतो. बँड निदान वय-वजन विचारून अंदाज करतो. मी लहान आकडा धरते, खर्च जास्त दाखवणाऱ्या पार्टीवर माझा विश्वास नाही.

सासूबाईंनी हा सगळा खटाटोप बघितला आणि म्हणाल्या, “आम्ही तीस वर्षं पायाचं मशीन मारलं, निदान ब्लाउज तरी निघायचे.”

काय करताना जमतं : बिलं जुळवणं, मेल वाचणं, फोनवर ऐकून घेणं. बेरीज तपासताना पाय आपोआप थांबतात. व्हिडिओ कॉलवर मारू नका, खांदे हलतात, एका क्लायंटने विचारलं, “मॅडम, रिक्षात आहात का?”

पेडलला पाचपैकी तीन, एक परकराच्या नाडीसाठी कापला. बँडला साडेतीन, पण ती ‘हालचाल करा’वाली सूचना सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा.