कारवानीच्या मानेसाठी: धारावीत शिवून घेतलेला पट्टा आणि स्लिप

मुंबईत कारवानी, म्हणजे डोळ्यांनी शिकार करणाऱ्या देशी जातीचा कुत्रा पाळणाऱ्याचे घोडे पहिल्यांदा अडते ते पट्ट्यापाशी. या जातीचे डोके निमुळते असते, मान लांब आणि स्नायूंनी भरलेली असते, आणि मान व डोके यांच्या घेरात फरक फार थोडा असतो. माझ्या साळूची मान कानांच्या मागे ३५ सेंटिमीटर भरते आणि डोक्याचा सर्वांत रुंद भाग ३७. लॅब्रॅडॉर डोळ्यांसमोर ठेवून केलेला पट्टा, तिने दोन पावले मागे सरकून मान खाली घातली की कानांवरून अलगद निघून येतो. तो निघू नये म्हणून आवळावा, तर अरुंद पट्टी थेट श्वासनळीवर रुतते. मागच्या दिवाळीत शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ कोणीतरी लवंगी माळ लावली, साळू बिचकून मागे सरकली आणि माझ्या हातात नुसता पट्टा राहिला. सावरकर मार्गावरची संध्याकाळची वाहने ओलांडून ती धावत सुटली आणि पाऊण तासाने कीर्ती कॉलेजच्या गल्लीत, एका इमारतीच्या जिन्याखाली थरथरत बसलेली सापडली. तो पट्टा मी एका मोठ्या दुकानातून, 'सगळ्या जातींना चालतो' या भरवशावर, चौदाशे रुपयांना घेतला होता. दुकानदाराने साळूला पाहिलेही नव्हते, आणि मीही तिला बरोबर नेले नव्हते.

त्यानंतर मी धारावीत जाऊन एक रुंद चामडी पट्टा आणि दोन कुत्री एकदम धरून एकाच झटक्यात सोडता येईल अशी स्लिप शिवून घेतली. या दोन्ही वस्तू वापरून आता अकरा महिने झाले आहेत, एक पूर्ण पावसाळा त्यांनी काढला आहे, आणि म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते.

शीव-वांद्रे लिंक रोडवर बॅगा आणि जाकिटे विकणारी चकचकीत दुकाने आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत, लोखंडी जिना चढून गेले की दहा बाय बाराची ही खोली लागते. कारागीर साठीचे आहेत, मूळचे सोलापूरकडचे, आणि तीन पिढ्या चामड्याच्या कामात आहेत. मी त्यांना मामा म्हणते. पट्ट्याचे माप कागदावर लिहून नेले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. "ताई, माप कागदाला नसतंय, कुत्र्याला असतंय. तिला घेऊन या, मग बघू," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी साळूला टॅक्सीने नेले. त्यांनी आधी तिला आपला हात हुंगू दिला, मग डोळे जवळजवळ मिटून तिच्या मानेवरून अंगठा फिरवला, घाटीच्या जागी थांबले, कानामागचे हाड चाचपले आणि खडूने थेट चामड्यावर खूण केली. या सगळ्याला दहा मिनिटे लागली. तोवर साळू तिथल्या कातरणांच्या ढिगावर आडवी झाली होती.

पट्टा पुढे, म्हणजे गळ्याच्या बाजूला, ५ सेंटिमीटर रुंद आहे आणि बकलाकडे निमुळता होत अडीच सेंटिमीटरवर येतो. आकार माशासारखा आहे. ओढ बसली तर ती रुंद भागावर पसरते. बाहेरचे चामडे म्हशीचे आहे. २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैलाचे कातडे मिळणे थांबले आणि जाड कामाला म्हशीचेच वापरावे लागते, असे मामांनी सांगितले. धारावीत कातडी कमावण्याचे काम आता जवळजवळ उरलेले नाही, त्यामुळे माल चेन्नईहून कमावून येतो. आत मऊ शेळीचे अस्तर आहे. शिलाई हाताची आहे: आरीने भोक पाडून, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओवलेला. या शिलाईत एक टाका तुटला तरी शेजारचा टाका जागचा हलत नाही. मशीनच्या शिलाईत एक तुटला की शेजारचे टाकेही सैल पडून उसवू शकतात. कडी आणि बक्कल भरीव पितळेचे आहेत. कडा रापीने तासून, लाकडाने घोटून इतक्या गुळगुळीत केल्या आहेत की अकरा महिन्यांत साळूच्या मानेवरचा एक केस गेलेला नाही. कारवानीचे अंग तुळतुळीत आणि कातडी पातळ असते, त्यामुळे घासलेली जागा लगेच उघडी पडते.

पट्ट्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे घरात आणि घराबाहेर अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर मला माझ्या आजोबांकडून मिळालेले आहे. मंगळवेढ्याच्या बाजूला आमचे कोरडवाहू रान होते आणि आजोबांकडे कायम दोन-तीन कारवानी असत. त्या काळी ते सशामागे जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकार पुरती बंद झाली, ते योग्यच झाले, आणि आजोबांनीही ती त्याआधीच सोडली होती. पण कुत्री ठेवणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. मला त्यांची शिकार आठवत नाही. मला आठवते ती संध्याकाळ, रानातून आल्यावर स्वतःच्या पायांतल्या वहाणा काढण्याआधी कंदील जवळ ओढून कुत्र्याचा एकेक पंजा उलटा करून पाहणारे ते. बोटांच्या बेचक्यांतली कुसळे नखाने काढत, काटा मोडून आत राहिला असेल तर सुईने. धाप ओसरल्याशिवाय खाणे नाही, पाणीही थोडे थोडे. बाजरीची भाकरी ताकात कुस्करलेली, ती कुत्र्यांनी खाल्ल्यावर मग आजोबा जेवत. गावात आणखी चार-पाच जण कुत्री बाळगून होते, आणि सशांची संख्या मोठ्या आवाजात सांगणारेही त्यांत होते. आजोबा त्यांच्याविषयी इतकेच म्हणत, की त्यांना सशाचा नाद आहे, कुत्र्याचा नाही.

शिकारी कुत्र्यांचा नाद खरा कोणाचा, हा प्रश्न जगात जिथे जिथे ही कुत्री आहेत तिथे तिथे पडलेला दिसतो, आणि उत्तरही बहुतेक असेच निघते. इंग्लंडमधील ग्रेहाउंडांच्या ससा-शर्यतींत, ज्यांतली वॉटर्लू कप ही सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा १८३६ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये शेवटची झाली, दोन कुत्री एकाच स्लिपमध्ये धरून उभा राहणारा एक स्वतंत्र माणूस असे. सशाला पुरेसे अंतर मिळेपर्यंत तो कुत्री सोडत नसे. घोड्यावर बसलेला पंच गुण देई ते प्रामुख्याने वेगाला आणि सशाला वळवण्याच्या कौशल्याला. मारण्याला गुण फार थोडे. फॉक्सहाउंड, म्हणजे कळपाने वासावरून कोल्ह्याचा माग काढणारी कुत्री आणि त्यांच्यामागे घोड्यावरून जाणारे शिकारी, यांच्या बाबतीतही, घोडा उडवायला येणारे लोक वेगळे आणि कुत्र्यांचे काम पाहायला येणारे वेगळे, हा भेद तिथले जाणकार पहिल्यापासून करत आले. वास हरवला की कळप थांबतो, पसरतो, नाके जमिनीला लावून स्वतःच शोधू लागतो. अशा वेळी जो माणूस तोंड बंद ठेवून जागच्या जागी उभा राहतो, तो खरा कुत्र्यांचा माणूस. कळप सांभाळणाऱ्याला प्रत्येक कुत्र्याचे नाव आणि आवाज ठाऊक असतो, आणि मोजदाद जोड्यांनी होते: वीस कुत्री म्हणजे दहा जोड्या. नवखे पिल्लू जाणत्या कुत्र्याच्या गळ्याला जोडपट्ट्याने बांधून शिकवण्याची रीत आहे. मुंबईतही इंग्रजी अमदानीत विलायतेहून मागवलेल्या फॉक्सहाउंडांचा कळप असे आणि साष्टीच्या माळांवर कोल्ह्यामागे तो पळवला जाई. आज ती शिकार इंग्लंडमध्येही फेब्रुवारी २००५ पासून कायद्याने बंद आहे. तरी जुन्या माणसांनी मुलांच्या हाती दिले ते कुत्र्याचे पाय, मान आणि श्वास ओळखण्याचे ज्ञान, आणि सावज नसतानाही ते उपयोगी पडते. आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले असे सांगतात. त्या शिकारीत काय मिळाले हे कोणी सांगत नाही, कुत्र्याचे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

याच कारणाने मी स्लिपही करून घेतली. हिवाळ्यात आम्ही सहा-सात जण बदलापूरच्या पुढे एका मित्राच्या माळावर कुत्री धावायला नेतो. जमिनीलगत दोरी ताणलेली असते, तिला पांढरी चिंधी बांधलेली असते आणि मोटरवर दोरी गुंडाळली जाते. चिंधी सशासारखी वळणे घेत पळते आणि कुत्री तिच्यामागे. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या कुत्र्याला हलणारी वस्तू पुरते. भात कापलेली खाचरे जवळच आहेत आणि दिसायला सपाट आहेत, पण तिथे आम्ही कधीही कुत्री सोडत नाही, कारण धसकटांनी पंजे फाटतात. नवा माणूस आला की तो आधी खाचराकडे पाहतो की कुत्र्याच्या पायाकडे, यावरून मला त्याचा अंदाज येतो. एक तरुण पहिल्याच दिवशी कुत्रे न सोडता परत गेला होता. आदल्या रात्री कुत्र्याने नीट खाल्ले नव्हते, एवढेच कारण त्याने दिले. पनवेलहून पहाटे चारला निघून तो आला होता. आता आमच्यात सर्वांत भरवशाचा तोच आहे.

स्लिपची रचना साधी आहे. दोन रुंद गळपट्टे, त्यांना जोडणारा एक चामडी दोर, आणि हातातल्या मुठीपासून आतून जाणारी एक दोरी, जी ओढली की दोन्ही पट्ट्यांच्या पितळी खिट्ट्या एकाच क्षणी निघतात. एकाच क्षणी निघणे हेच यात महत्त्वाचे आहे. अर्ध्या सेकंदाचा जरी फरक पडला, तरी आधी सुटलेले कुत्रे दुसऱ्याला मानेने ओढते आणि त्या झटक्याने इजा होऊ शकते. मामांनी आधी अशी वस्तू केली नव्हती. मी चित्र दाखवले, आजोबांची सुती दोराची स्लिप तोंडी वर्णन करून सांगितली, आणि त्यांनी खिट्टीसाठी तीन वेगवेगळे नमुने करून पाहिले. तिसरा मी ठेवला. साळू आणि मित्राचा पश्मी, म्हणजे कान व शेपटीला लांब केस असलेला त्याच घराण्यातला कुत्रा, यांना मी त्यातून पंधरा-सोळा वेळा सोडले आहे. सोडण्यापूर्वी चिंधी हलू लागली की दोघांच्या छात्यांतला कंप चामड्यातून तळहातापर्यंत येतो. पहिल्या दिवशी मी घाईने सोडले, चिंधी अजून वीस पावलांवर होती आणि धाव तिथेच संपली. थांबायला मी त्यानंतर शिकले.

आता उणिवा. ठरल्या दिवसापेक्षा काम बारा दिवस उशिरा मिळाले, आणि मामा फोन क्वचितच उचलतात. पट्ट्याचा तपकिरी रंग पहिल्या पावसात साळूच्या गळ्याला लागला. दोन धुण्यांनंतर तो थांबला, पण पांढऱ्या कुत्र्याच्या मालकाने नैसर्गिक रंगाचाच पट्टा मागावा. जुलैत आठवडाभर सूर्य दिसला नाही तेव्हा अस्तरावर बुरशीचे ठिपके आले. कोरड्या फडक्याने पुसून, पंख्याखाली वाळवून, मेण आणि तिळाच्या तेलाचा पातळ हात दिल्यावर ते गेले. ओला पट्टा उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नये, तो तडकतो. पितळेवर कळंक चढतो, चिंच लावून घासावा लागतो. सर्वांत गंभीर उणीव स्लिपच्या खिट्टीची आहे. दमट हवेत चामडे फुगून ती जड चालू लागली, आणि सप्टेंबरात घरी तपासताना एक खिट्टी दुसरीच्या नंतर निघाली. हे माळावर झाले असते तर काय झाले असते, या विचाराने मी त्याच दिवशी धारावी गाठली. मामांनी सबब सांगितली नाही. खाच अर्धा मिलिमीटर रुंद केली, आत तांब्याची नळी बसवली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी मी दोन्ही खिट्ट्या रिकाम्या ओढून पाहते.

पट्ट्याला १,९०० आणि स्लिपला ३,२०० रुपये लागले. दुकानातल्या परदेशी पट्ट्यांपेक्षा हे स्वस्त आहे, साध्या नायलॉनच्या पट्ट्याच्या मानाने महाग. फ्लॅटमध्ये राहून सकाळ-संध्याकाळ खाली नेण्यापुरतेच कुत्रे असेल तर स्लिपची काहीच गरज नाही, पण पट्टा मात्र कारवानी, मुधोळ, ग्रेहाउंड असे कोणतेही निमुळत्या डोक्याचे कुत्रे असणाऱ्याने असाच करून घ्यावा. पिल्लासाठी मोठ्या मापाचा घेऊन ठेवू नये. मित्राच्या पाच महिन्यांच्या पिल्लासाठी आम्ही गेलो तेव्हा मामांनी आगाऊ पैसे परत केले, तात्पुरता सुती पट्टा फुकट दिला आणि मान भरल्यावर, म्हणजे दीड वर्षाने, या असे सांगितले. कुत्र्याला बरोबर नेणे आवश्यक आहे. सकाळी अकराच्या आत जावे, कारण नंतर त्या जिन्याचा पत्रा तापतो आणि कुत्र्याच्या पायांना चटके बसतात.