बेलापूर-पेंधर मेट्रो: बरेच महिने रोज वापरल्यावर

सोसायटीत सारखं कोणीतरी विचारतं, नवी मुंबईची ही मेट्रो परवडते का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

गाडीबद्दल तक्रार नाही. एसी, स्वच्छ, धक्काबुक्की नाही, सेंट्रल पार्कच्या आसपास खारघरचा डोंगर पावसात इतका हिरवागार दिसतो की मोबाइल बाजूला ठेवावासा वाटतो. 11 किलोमीटर, 11 स्टेशनं, वाटेत सिग्नल नाही की खड्डे नाहीत.

पण लोक गाडी बघून ठरवत नाहीत हो, घरातून स्टेशनपर्यंत कसं जायचं नि उतरल्यावर पुढे काय, त्यावर ठरवतात. मी पेंधर स्टेशनपासून चालत जाते, ऑफिस बेलापूरला, त्यामुळे माझं जमतं. माझी जाऊ खारघरला राहते, कामाला कुर्ल्याला. मेट्रो खारघरच्या लोकल स्टेशनला जातच नाही, मग तिने आधी मेट्रोपर्यंत रिक्षा करायची, बेलापूरला उतरून हार्बर लाइनची लोकल धरायची, आणि पनवेलहून येणारी लोकल तिथे भरूनच येते. त्यापेक्षा ती शेअर रिक्षाने सरळ खारघर स्टेशन गाठते, तिचं काय चुकलं?

तिकिटाचं म्हणाल तर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत 40 रुपये होते, सप्टेंबर 2024 मध्ये 30 झाले. एकट्याला ठीक आहे, पण लोकलच्या पासची सवय असलेल्याला रोजचे जाऊन येऊन 60 जडच वाटतात, आणि आम्ही चौघं निघालो की एका खेपेला 120, मग हे म्हणतात रिक्षाच करू.

बायकांसाठी अजून एक गोष्ट आहे जी कुठल्या जाहिरातीत नसते, स्टेशनचा जिना उतरल्यावर खाली काय आहे. दिवे चालू असतील, वडापावची गाडी उभी असेल, चार माणसं असतील तर मी रात्री नऊला पण बिनधास्त येते, पण पावसात तिथे शुकशुकाट असला की मनात धाकधूक होते, मग मी आधीच घरी फोन करून ठेवते. फुटपाथ धड करा, गाडीच्या वेळेला जोडून बस सोडा, लोक आपोआप येतील असं मला अगदी मनापासून वाटतं.

पेंधर, पेठाली स्टेशनला चालत जाता येत असेल आणि काम बेलापूरला असेल तर डोळे मिटून मेट्रो घ्या. बाकीच्यांनी आठवडाभर करून बघा, रिक्षाचे पैसे पण हिशोबात धरा.